मटणात मळी

स्लॉपी जो घरी करायला अर्धा तास पुरतो, असं प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. तयारी दहा मिनिटं, शिजवणं वीस मिनिटं. ज्याने कुणी हा हिशेब केला, त्याच्या घरी मुलीच्या मैत्रिणी मुक्कामाला येत नसणार, त्याची बायको डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत नसणार आणि त्याचे वडील कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले नसणार, हे नक्की.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कांदा आणि ढोबळी मिरची परतायची, त्यात खिमा घालायचा, मग केचप, पिवळं मस्टर्ड, ब्राऊन शुगर आणि वूस्टरशर सॉस घालून रटरटू द्यायचं आणि हे लालभडक प्रकरण हॅम्बर्गरच्या गोल पावात भरून हाताने खायचं. मूळचा खिमा गोमांसाचा, टर्कीचाही चालतो. अमेरिकेतल्या शाळांच्या कँटीनमध्ये हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. दिसायला थेट खिमा-पाव. मराठी माणूस फसतो तो इथेच. इराण्याच्या हॉटेलातल्या आठवणी जाग्या होतात, तोंडाला पाणी सुटतं, तो मोठा घास घेतो आणि मग आधी पावाकडे बघतो, नंतर वाढणाऱ्याकडे. कारण ते गोड असतं. थोडंथोडकं नाही, सणासुदीला करावं इतकं गोड.

आमच्या सईला हे व्यसन आयोवात लागलं. न्यू जर्सीत येण्याआधी आम्ही डेस मॉइनला होतो. आयोवा म्हणजे मक्याची शेतं, डुकरं आणि पावात सुटा खिमा भरून खाणारी माणसं. तिथल्या मस्कॅटिन गावात फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने १९२६ मध्ये 'मेड-राइट' नावाचं दुकान काढलं. नुसता शिजवलेला सुटा खिमा, पावात. त्याच्या शाखा निघाल्या आणि अजूनही चालतात. सँडविचबरोबर चमचा देतात. सँडविचबरोबर चमचा द्यावा लागतो, यातच त्या सँडविचविषयीचं सगळं आलं. पण मेड-राइट कोरडं असतं, सॉस नसतो. त्यात टोमॅटो ओतला की सईच्या शाळेतला स्लॉपी जो होतो. शाळेत तो टर्कीचा असायचा, बाजूला मक्याचे दाणे आणि डब्यातले पीच. त्या दिवशी सईच्या शर्टावरून तिने काय खाल्लं, किती खाल्लं आणि कोणत्या हाताने खाल्लं, हे सगळं वाचता यायचं.

तर शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणी येणार, रात्री राहणार, आणि जेवायला स्लॉपी जोच पाहिजे, असं सईने जाहीर केलं. मी पहिल्यांदा केलं ते कोणताही समंजस बाप करेल तेच. बाहेरून मागवायचं ठरवलं. आधी घरच्यांवर प्रयोग करावा म्हणून आदल्या रविवारी जवळच्या एका डेलीत, म्हणजे सँडविचच्या दुकानात, फोन केला. स्लॉपी जो मिळेल का? मिळेल की! किती माणसांसाठी? टर्की की रोस्ट बीफ? टर्की. कोलस्लॉ चालेल ना? मला वाटलं, ती कोबीची कोशिंबीर बाजूला देणार असतील. चालेल म्हणालो.

घरी आला तो एक सुबक ट्रे. राय ब्रेडच्या पातळ पातळ तीन चकत्या, मधल्या दोन मजल्यांवर टर्कीचे काप, स्विस चीज, कोलस्लॉ आणि गुलाबीसर रशियन ड्रेसिंग. सगळं त्रिकोणात कापून, कडा जुळवून रचलेलं. आणि थंडगार. न्यू जर्सीत, विशेषतः उत्तरेकडे, स्लॉपी जो म्हणजे हे. साउथ ऑरेंज गावातली 'टाऊन हॉल डेली' आपल्याकडे तो १९३० च्या दशकापासून मिळतो असं सांगते. तिथली हकिगत अशी की कुणी एक मेयर सुट्टीला क्युबात गेले, हवानातल्या 'स्लॉपी जोज' बारमध्ये त्यांनी असलं काहीतरी खाल्लं आणि परत येऊन डेलीवाल्यांना म्हणाले, मला तसंच करून द्या. बाकीच्या एकोणपन्नास राज्यांना याचा पत्ता नाही, आणि न्यू जर्सीला बाकीच्या राज्यांचा नाही.

सईने एक त्रिकोण उचलला, उलटा केला, हलवला.

"बाबा, हे सांडत नाहीये."

तेवढ्यावर निकाल लागला. माझ्या बायकोने, म्हणजे मीराने, टर्की असल्यामुळे हातही लावला नाही. आबांनी एक त्रिकोण दाताखाली घेतला, "गार हाय," म्हणाले, उठले आणि उरलेल्या ट्रेतले त्रिकोण एकेक करून तव्यावर भाजून काढले. कोलस्लॉसकट. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही.

खाता खाता आबांनी विचारलं, "कोण रं ह्यो जो?"

आता हा प्रश्न सोपा नाही. आयोवातली माणसं सांगतात की सू सिटीतल्या जो नावाच्या एका आचाऱ्याने सुट्या खिम्यात टोमॅटो सॉस घातला. फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटावर 'स्लॉपी जोज' नावाचा बार आहे, तिथे हेमिंग्वे बसायचा, आणि सँडविच आमचंच असं त्या बाजूची माणसं सांगतात. की वेस्टच्या बारने नाव उचललं हवानातल्या बारवरून. हवानातल्या बारचा मालक होता होसे, म्हणजे इंग्रजीत जो. तिथे ती मेयरसाहेबांची गाडीही येऊन मिळते. मी हे सगळं आबांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वारस लय झालं की," ते म्हणाले. "सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

कुणाच्याच नाही, म्हणालो. आबांनी मान डोलावली. असली प्रकरणं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

सोमवारी सकाळी मीराने पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: शुक्रवारी जेवायला स्लॉपी जो आहे, कुणाला काही पथ्य असेल तर कळवा. हे कळवा म्हणणं अमेरिकेत शिष्टाचाराचं आहे आणि त्याचे परिणाम भोगावे लागतात. आयशाच्या आईने अगदी संकोचाने विचारलं की मटण हलाल असेल का. नसेल तर काही हरकत नाही, ती भाजी खाईल. एमिलीला अंड्याची अॅलर्जी, तेव्हा पावाचं लेबल तेवढं बघा. ध्रुवी जैन. म्हणजे मांस नाही, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि शक्यतो सूर्यास्ताच्या आत जेवण. चौथी नोरा. तिला कशाचीच अॅलर्जी नाही, कोणताही धर्म आड येत नाही. फक्त ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला तिला चालत नाही.

मी नोराच्या आईचा निरोप दोनदा वाचला. मग पदार्थाचं नाव परत वाचलं.

प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'अजिबात त्रास घेऊ नका' असं लिहून हसरा चेहरा होता.

सूर्यास्ताचं काम त्यातल्या त्यात सोपं. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, म्हणजे पानं साडेपाचला. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघून खात्री करून घेतली की मी संध्याकाळचं बोलतोय, पहाटेचं नाही.

पावाने मात्र अंत पाहिला. आमच्या भागात मऊ, पिवळसर बटाट्याचे बन फार लोकप्रिय, पेनसिल्व्हेनियाकडून येतात. ते ध्रुवीला बाद. त्यांच्या शेजारी चकचकीत ब्रिओश. त्यात अंडं, ते एमिलीला बाद. कुठे बटाट्याचं पीठ, कुठे 'याच कारखान्यात अंडी वापरली जातात' अशी कबुली. मीरा पुण्याची आहे. लेबल वाचताना ती कोर्टातल्या कागदासारखं वाचते; खालची तळटीपसुद्धा. शेवटी सगळ्यांत खालच्या फळीवर, सगळ्यांत स्वस्त, कोणतंही व्यक्तिमत्त्व नसलेले साधे बन सापडले. कुणाचाच त्यांना विरोध नव्हता.

त्याच दुकानात मला 'मॅनविच'चा डबा दिसला आणि क्षणभर मोक्ष जवळ आला. हंट्स कंपनीने १९६९ मध्ये काढलेला तयार सॉस. खिमा परतायचा, डबा ओतायचा, झालं. पन्नासेक वर्षं अमेरिकेतल्या दमलेल्या आया हा डबा उघडत आल्या आहेत आणि मला त्यांच्याविषयी अतोनात आदर आहे. पण डबा मीराच्या हातात गेला, फिरला, तिची नजर खाली खाली गेली, आणि लसूण लागला. डबा फळीवर परत.

केचपचीही तीच तऱ्हा. बहुतेक नामांकित अमेरिकन केचपमध्ये कांद्याची पूड असते. आयुष्यभर आपण कांद्याशिवायचं समजून जे खाल्लं त्यात कांदा होता, हे कळल्यावर मीरा बराच वेळ गप्प होती. मस्टर्डमध्ये लसणाची पूड. वूस्टरशर सॉसमध्ये कांदा, लसूण आणि शिवाय खारवलेले अँकोव्ही मासे. म्हणजे ध्रुवी तर सोडाच, मीरा स्वतः इतकी वर्षं चायनीज नूडल्समध्ये मासळी ओतत होती.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

काही प्रश्नांना पुण्याच्या बायकोसमोर उत्तर नसतं. मी पाव मोजू लागलो.

तेव्हा ठरलं की पातेली दोन. एक खिम्याचं, एक मसुराचं. खिम्यासाठी आबांना घेऊन ओक ट्री रोडला गेलो. एडिसन आणि इझलिनच्या मधला हा रस्ता म्हणजे लक्ष्मी रोडला पार्किंगची सोय केली तर काय होईल त्याचं उत्तर. फक्त पार्किंग तिथेही मिळत नाही. तिथे कांदा-लसूण नसलेला देशी केचप लगेच मिळाला. पुढे हलाल मटणाचं दुकान. टर्कीचा खिमा तयार होता, पाकिटात, फिकट गुलाबी. आबांनी पाकीट बोटाने दाबून बघितलं.

"टर्की म्हंजे काय?"

"मोठी कोंबडी समजा."

"मग लहान कोंबडीनं काय घोडं मारलंय?"

त्यांनी थेट काउंटरवरच्या हैदराबादी भाईंशी संधान बांधलं. कोल्हापुरी हिंदीचा मी लहानपणापासून साक्षीदार आहे. "खांदे का दो, मागचे पाय का नको. थोडा चरबी ऱ्हाने दो. और मशिन में एकच बार काढो, लगदा मत करो." भाईंचे डोळे चमकले. असं गिऱ्हाईक त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. बकऱ्याचा खांदा आला, आबांनी पसंत केला, मशीनमधून एकदाच निघाला. भाईंनी आपुलकीने विचारलं, "क्या बनाएँगे, चचा?"

आबा गप्प. आयुष्यात मटण घेताना त्यांना पहिल्यांदाच लाज वाटत होती. शेवटी मीच सांगितलं. भाईंनी कागदात बांधलेला खिमा देण्यासाठी पुढे केलेला हात अर्ध्यावर थांबवला. "इस में केचप डालेंगे?" त्यांनी विचारलं. मग पैसे घेतले, पण नजर आबांवर होती. त्या नजरेत सांत्वन होतं.

बकऱ्याच्या खांद्याचा ताजा खिमा स्लॉपी जोला वापरणं ही उधळपट्टी आहे, हे मला मान्य आहे. पण हलाल हवं होतं, घरात गोमांस येत नाही, आणि टर्कीचा अर्ज आबांनी आधीच फेटाळला होता.

शुक्रवारी दुपारी चारला मी शेगडीपाशी उभा राहिलो. आबांनी कोल्हापूरहून आणलेला चटणीचा डबा ओट्यावर आणून ठेवला. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. हा डबा प्लॅस्टिकच्या चार पिशव्यांतून, विमानतळावरच्या कुत्र्यालाही शिंक येणार नाही इतक्या बंदोबस्तात आला होता. आबा खुर्ची ओढून डब्याशेजारी बसले.

"चटणी कवा घालायची?"

"आबा, चटणी नाही घालायची."

"आता न्हाई. कवा?"

कांदा आणि ढोबळी मिरची परतली. खिमा घातला, कालथ्याने मोडत गेलो. इथपर्यंत आबा आणि अमेरिका एकमताने चालत होते. पाणी आटू दे, म्हणाले आबा. पाककृतीतही तेच होतं. खिमा सुटा झाला पाहिजे, म्हणाले, तेही होतं. तेल सुटलं पाहिजे, म्हणाले, सुटलं. खांद्याची चरबी होती ती, छान तांबूस तवंग कडेने जमला. आबा समाधानाने खुर्चीत मागे रेलले. आणि पाककृतीची पुढची ओळ होती: सुटलेली चरबी काढून टाका.

ती सिंकमध्ये ओतायची नसते, पाइप तुंबतो. अमेरिकन माणसं रिकाम्या डब्यात ओततात, गोठू देतात आणि कचऱ्यात टाकतात. मी पातेलं तिरकं करून डबा पुढे घेतला.

"काय करालायस?"

"तेल काढतोय."

"कट वततोयस?" आबा उभे राहिले. "आरं मर्दा, कट हाय त्यो! त्यो वतला तर खाली ऱ्हातंय काय?"

ज्या गावात मिसळीवर कट कमी पडला तर माणसं हॉटेल बदलतात, त्या गावच्या माणसाला हे कसं समजावणार? मी काहीतरी कोलेस्टेरॉलचं पुटपुटलो. आबांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, फडताळातून स्वच्छ वाटी आणली आणि कट तिच्यात घेतला. मग म्हणाले, "माझा वाटा भाईर काढ. सॉस घालायच्या आधी." हे शहाणपणाचं होतं. दोन डाव खिमा छोट्या कढईत गेला, कट त्याच्यावर गेला, चटणीचा डबा अखेर उघडला आणि शेजारच्या शेगडीवर एक स्वतंत्र संस्थान स्थापन झालं. घरातल्या धुराच्या अलार्मने त्याला मान्यता दिली.

माझ्या पातेल्यात केचप गेलं. दोन पौंड खिम्याला दीड कप. आबांनी बाटली हातात घेऊन विचारलं, ह्यात साखर किती? चमच्याला चार ग्रॅम, मीराने वाचून सांगितलं. आबा तीस वर्षं साखर कारखान्यात होते. साखरेचा हिशेब त्यांचा तोंडी चालतो. दीड कप म्हणजे चोवीस मोठे चमचे. "शंभर गॅमला चार कमी. बाटलीतनंच. आणि ही पुडी कशाची?"

ती ब्राऊन शुगर होती. आबांनी चिमूटभर घेतली, बोटांत चोळली, वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मळीचा वास येतोय."

बरोबर होतं. बाजारातली ब्राऊन शुगर बहुतेक वेळा शुद्ध पांढरी साखरच असते. तिच्यात मळी नंतर मोजून मिसळतात. मी तसं सांगितलं. आबा खाली बसले.

"साखरेपासनं मळी वेगळी काढायला आमचं अख्खं आयुष्य गेलं," ते म्हणाले. "मशिनी फिरवून फिरवून काढली. रातपाळ्या केल्या. आणि ही माणसं ती परत घालत्यात?"

"आणि जास्त पैशाला विकतात," मीरा म्हणाली. ती अशा वेळी मदत करते.

मग वूस्टरशर सॉस. आबांनी तळहातावर एक थेंब मागून घेतला, चाटला, डोळे मिटले. "चिंच हाय ह्यात," म्हणाले. खरंच असते. चिंचेचा अर्क, व्हिनेगर, अँकोव्ही. "आणि हितंबी मळी!" तीही असते. कारखान्यातून निवृत्त होऊन, सातासमुद्रापार येऊन मळीने त्यांना गाठलं होतं. वर मस्टर्डचा एक चमचा गेला, आच मंद केली. आता मिश्रण दाटसर होऊन कालथ्याने ओढलेली रेघ क्षणभर टिकली पाहिजे. मी थर्मामीटर काढून पातेल्यात खुपसला. खिमा आतून १६० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे ७१ सेल्सिअसला पोचला पाहिजे असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं सांगणं आहे, आणि चार घरची पोरं जेवणार म्हटल्यावर मी कृषी खात्याचं ऐकतो.

"ताप बघालायस व्हय खिम्याचा?" आबा म्हणाले. "किती हाय?"

"एकशेसाठ."

"मग त्यो गेला की. चटणी कवा घालायची?"

शेजारी मीराचं मसुराचं पातेलं. कांदा नाही, लसूण नाही. वूस्टरशरच्या जागी तिने घरातली चिंच कोळून घातली. मस्टर्डच्या जागी मोहरीची पूड. ब्राऊन शुगर आधीच गोटात बदनाम झाली होती, तेव्हा गूळ. देशी केचप. आणि मग, इतक्या पथ्यांतून काटेकोरपणे वाट काढत काढत आल्यावर, पातेल्यात जे काही उकळत होतं त्याकडे आबा वाकून बघू लागले. अख्खे मसूर, चिंच, गूळ, मोहरी.

"ह्यो अख्खा मसूर हाय. इस्लामपूरला हायवेवर मिळतोय तसला. कांदा तेवढा न्हाई."

"आबा, हा व्हेज स्लॉपी जो आहे," मीरा म्हणाली.

"असंना का," आबा म्हणाले.

साडेपाचला पोरी बसल्या. बन लोण्यावर भाजून घेतले होते. हे महत्त्वाचं आहे, कारण न भाजलेला बन या सॉसखाली दोन मिनिटांत हार मानतो. प्रत्येकीच्या पावात डावभर मिश्रण, वर दुसरा अर्धा पाव. एमिलीने दोन्ही हातांनी पकडून चावा घेतला तसा मागच्या बाजूने तेवढाच माल बाहेर आला. हा या सँडविचचा मूळ नियम आहे: तोंडात जातं तेवढंच मागून निघतं, आणि शेवटी ताटात एक पूर्ण सँडविच शिल्लक राहतं, फक्त पावाशिवाय. सई आनंदाने ओरडली, "सांडतंय!" आयशाच्या कोपरापर्यंत ओघळ गेला. ध्रुवी मसुराचे दाणे ताटातून एकेक टिपून तोंडात टाकत होती, सूर्य अजून वर होता. नोरासमोर तीन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत पाव, एकीत खिमा, एकीत मक्याचे दाणे. ती चमच्याने क्रमाने खात होती, आणि त्या संपूर्ण टेबलावर जिच्या अंगावर एक ठिपका नव्हता अशी तीच.

मी एक घास घेतला. काय सांगू? वाईट नव्हतं. गोड, आंबट, जरा बालिश. अमेरिकन लहानपणाची चव असावी ती. खांद्याचा खिमा मात्र त्या केचपखाली ओळख न देता बसला होता.

आबा आपली कढई, भाकरी आणि कांदा घेऊन टेबलाच्या टोकाला बसले. ती भाकरी त्यांनी दुपारीच मीराकडून करवून घेतली होती. परिस्थितीचा अंदाज त्यांना आधीच आला होता. लालभडक, कट तरंगणारा खिमा. पोरींनी वासाने माना वळवल्या, पण मागितला कुणी नाही. आबांना त्याचं काही वाटलं नाही. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी मला खूण केली आणि स्लॉपी जोच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. मी उत्साहाने पाव भाजायला घेतला.

"पाव नको. चमचाभर दे, कडंला. तिखट लागलं तर कोशिंबीर म्हणून बरं हाय."

पोरी वरच्या खोलीत गेल्यावर नुकसानीची पाहणी झाली. टेबलाखालचा गालिचा फिकट रंगाचा आहे, घर भाड्याचं आहे. थंड पाणी, भांड्यांचा साबण आणि पांढरं व्हिनेगर यांनी लाल डाग हळूहळू गेले. मीरा म्हणाली, बघ, हळद नसण्याचा हा फायदा. पण सईच्या खुर्चीखाली एक पिवळा डाग होता आणि तो जाईना. सईने जेवताना वरून मस्टर्डची धार सोडली होती. मीराने बाटली आणली, चष्मा वर केला, आणि वाचलं: मोहरी, व्हिनेगर, मीठ, हळद. घरातल्या सगळ्या अमेरिकन जेवणाने मिळून गालिच्यावर ठेवला तो हळदीचा डाग. आता तिथे खुर्ची कायमची सरकवून ठेवली आहे.

रात्री नवाच्या सुमाराला, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेसहा, आबांनी रंकाळ्यावर फिरायला गेलेल्या आपल्या मित्राला फोन लावला. आबा फोनवर बोलतात ते मधले समुद्र गृहीत धरूनच.

"व्हय, जेवलो. मटणच हुतं... गोड... न्हाई रं, गोड म्हंजे चवीला गोड! साखर घालत्यात... मळीसकट... कट? कट वतून टाकत्यात, डब्यात... व्हय, साडेपाचलाच जेवत्यात... पाव. सगळ्यांत खालच्या फळीवरचा, सस्तातला..."

पलीकडून मित्राने हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"न्हाई न्हाई," ते म्हणाले, "नोकरी हाय अजून त्याची."